अमावास्येची गादी

चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून दादा हळूच ओढायचे, तुटलेले तंतू खालच्या ओठाला लावायचे आणि निकाल द्यायचे, "हा रडलाय, भाऊ." म्हणजे दमट आहे.

मोहन्यात आमच्या चाळीच्या तोंडाशी दादांचं गाद्यांचं दुकान. तरुणपणी ते खानदेशात कापसातली सरकी काढायच्या यंत्रावर होते. इथे त्यांनी पिंजायचं मशीन टाकलं. ते सुरू झालं की थेट आंबिवली स्टेशनावर बर्फ पडायचा. हसा तुम्ही, मी स्वेटर घातलेला. कापूस चिमटीत धरून दादा सांगायचे, झाड विहिरीच्या कुठल्या अंगाला होतं. बरोबरच असणार. विहीर कुणी पाहिलीय?

"सरकी निघाली म्हणजे कापूस मोकळा झाला असं नसतं," ते म्हणायचे. "गाठीत दाबला की परत गप्प. पिंजून त्याला बोलतं करावं लागतं."

त्यांची बायको सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली, अर्धं अंग गेलेलं. अमावास्येला दुकान बंद ठेवून दादा फक्त तिची गादी घ्यायचे. उसवायची, कापूस उन्हात घालायचा, पिंजायचा, दिवेलागणीआधी परत भरायची. सहा वर्षांत तिच्या पाठीला एक जखम नाही.

दादांच्या छातीत मात्र कापसाची अख्खी गाठ भरली असावी. खोकले की चाळीचे पत्रे वाजायचे. डॉक्टरांनी मशीन विकायला लावलं, तर तिची गादी ते बोटांनी पिंजू लागले, पुंजका पुंजका.

"तोंडाला फडकं तरी बांधा," ती म्हणायची.

"बांधलं तर तुला उलट उत्तर कसं देऊ?"

एका दुपारी ती गेली. दादा स्मशानात असताना आम्ही मागे राहिलेल्यांनी गादी गुंडाळून नदीकाठी टाकली. गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. "आल्यावर डोळ्यांसमोर नको," असं शहाणपण शिकवत मीच पुढे होतो.

दादा आले, अंघोळ करून आत गेले, बाहेर आले.

"गादी कुठाय?"

"टाकली, दादा. रीत आहे."

"खोळ टाकायची होती, भाऊ. कापूस तिच्या माहेरचा. लग्नाआधी तिनं स्वतः वेचलेला, सरकी हातानं काढलेली."

जिना चढताना दोनदा बसणारा मी, नदीपर्यंत पळालो. तिथे कुणीतरी कचरा पेटवला होता. गादी आतून धुमसत होती. हात घातला, राख आली.

परतून सांगितलं. दादा माझ्या हाताकडे बघत राहिले.

"फार भाजलं का?"

त्यानंतर ते वर्षभर होते. चाळीतल्या घराघरातून गाद्या आल्या, सगळ्या त्यांच्याच हातच्या. त्या भिंतीला लावून ते पलंगाच्या नुसत्या फळ्यांवर निजायचे. सकाळी नळावर उघड्या अंगाने आले की पाठीवर आडवे वळ दिसायचे. आम्ही बादल्या भरत राहायचो.