ब्राइटनेस कमी ठेवून दिलेलं मत

मित्रांनो, आज आपल्या फोटोंच्या ग्रुपवर माझ्या हातून चूक झाली.

सकाळी मंदिरात आरतीची वाट पाहत बसलो होतो. इतरांना त्रास नको म्हणून तिथे मी मोबाईलचा ब्राइटनेस अगदी कमी करतो. तेवढ्यात आर्णीच्या पूनमने ग्रुपवर तिचा पहिलाच फोटो टाकला. तुरीच्या गंजीपाशी बसलेली तिची आई. मी लगेच लिहिलं, "चेहरा काळा पडला आहे. फोटो वाया गेला."

घरी आल्यावर बायकोने माझा मोबाईल हातात घेतला. "एवढा अंधार काहून करून ठेवला? काही दिसते काय यात?"

तिने ब्राइटनेस वाढवला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. घाईने ग्रुप उघडला, तर फोटो नव्हता. पूनमला फोन केला.

"डिलीट केला काका. मोबाईलमधूनही पूर्ण काढला. मले नाही जमत हे."

मी चूक सांगितली, माफी मागितली. "राहू द्या ना काका," म्हणून ती हसली. त्या हसण्याने मला जास्तच वाईट वाटलं.

देवासमोर बसून मी नीट न पाहता एका मुलीचं मन मोडलं.

तो फोटो तुमच्यापैकी कोणी सेव्ह केला आहे का? असेल तर मला नको, तिला पाठवा. आणि तिच्या आईचा चेहरा कसा दिसतो, तेही तिलाच सांगा.