गुणपत्रकावरचं कुंकू

परभणीच्या कृषी महाविद्यालयात बी.एस्सी.ला माझा नंबर लागला आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. कागद तपासून होईपर्यंत जागा पक्की नव्हती. सूचनांमध्ये एक ओळ होती: मूळ कागदपत्रांत खाडाखोड आढळल्यास प्रवेश रद्द. ती मी इतक्यांदा वाचली की वडील म्हणाले, "आरती हाय का ती, सारखी म्हणायलीस?"

टीसी, सीईटीचा निकाल, शेतकऱ्याच्या लेकरांना मिळणाऱ्या जादा गुणांसाठी सातबारा, सगळं मी एका फायलीत लावलं. निघायच्या सकाळी मी अंघोळीला गेले तेव्हा आईनं ती देवापुढं उघडली. मोटारसायकल असो की फवारणीचा पंप, आमच्या घरात नव्या वस्तूला हळदीकुंकू लागल्याशिवाय तिचा वापर सुरू होत नाही. फायलीत सगळ्यांत वर बारावीचं गुणपत्रक होतं. त्याच्या कोऱ्या कोपऱ्यात तिनं ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं.

मला ते दिसलं आमच्या बोरीहून निघालेल्या एसटीत. आईला बस लागते, म्हणून ती शेजारी डोळे मिटून बसली होती. मी ओढणीचं टोक जिभेनं ओलं केलं आणि ठिपका पुसायला घेतला. तो गेला नाही, पसरला. लाल डाग जीवशास्त्राच्या गुणांपर्यंत गेला, मी आणखी घासलं आणि तिथं कागदाचं सालटंच निघालं. आता कुणीही म्हटलं असतं, पोरीनं आकडा बदललाय. परत फिरावं तर तपासणीचा शेवटचा दिवस. फाईल छातीशी धरून मी तशीच बसले, वाटेतलं झरी गाव कधी गेलं तेही कळलं नाही.

तपासणीच्या टेबलावरचे बाबू एकेक कागद उलटत गुणपत्रकाशी थांबले. त्यांनी ते खिडकीच्या उजेडाकडं धरलं.

"हे कुणी केलं?"

प्रवेश रद्द, प्रवेश रद्द, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

"आईनं," मी म्हणाले.

आई माझ्या मागंच उभी होती. ती पुढं आली. "व्हय सायेब, मीच. कुंकू लावलं आन मंग पुसाया गेले. मला लिवता-वाचता येत न्हाई. पोरीची काई चूक न्हाई."

माझी आई दहावी पास आहे.

"बाई, लेकराचं वर्ष वाया गेलं असतं की," बाबू म्हणाले. आईनं हात जोडले. मी खाली मान घालून फरशी बघत राहिले. बाबूंनी माझा बैठक क्रमांक संगणकात टाकला, अर्ध्या मिनिटात गुण जुळवले आणि शिक्का मारला. गुणपत्रकाची दुसरी प्रत बोर्डातून काढून घ्या, एवढंच सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर मी बोलायला तोंड उघडलं, तर आईच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. म्या बसमधी बघितलं व्हतं. लय भ्याली व्हतीस तू."

आज मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्या दिवशी मी खरं बोलले असते, तरी अर्ध्या मिनिटात गुण जुळलेच असते. आईला मात्र त्या टेबलापुढं अडाणी होऊन हात जोडावे लागले नसते.