राजनंदिनीने किती वेळा सांगायचं

राजनंदिनीला मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. ती शेजारच्या रामहरीची थोरली मुलगी, वय अकरा. जाता-येता 'आबा' म्हणून हाक मारायची, तेवढीच ओळख.

गेल्या दिवाळीनंतर घरामागच्या उसातून बिबट्या आला आणि तिच्यादेखत चार वर्षांच्या संस्कृतीला, तिच्या धाकट्या बहिणीला, घेऊन गेला.

मग आमच्या देवळालीकडच्या रीतीप्रमाणे दहाव्यापर्यंत माणसं भेटायला येत राहिली. पिठलं-भाकरी आणायची आणि बसल्याबसल्या विचारायची, "कसं झालं गं?" बोललं की मन हलकं होतं, असं आम्ही सगळेच समजत होतो. आई शुद्धीवर नव्हती, म्हणून सांगायचं काम पोरीकडे आलं. वनखात्याची माणसं आली, मोबाईलवर बातम्या टाकणारे आले. शेवटी शेवटी कुणी दारात चपला काढल्या की ती आपणहून उभी राहायची आणि पाठ केलेला धडा म्हणावा तसं सांगायची. "लई धीराची हाय," बायका म्हणायच्या. संगमनेरहून माझे मेव्हणे आले, त्यांना मीच तिकडे नेलं. "सांग बाळ," हेही मीच म्हणालो.

दहाव्यानंतर तिचं बोलणं बंद झालं. उसाची पानं वाजली तरी कपडे ओले व्हायचे. शाळेत जाणं थांबलं. नगरला मुलांच्या मनावर उपचार करणाऱ्या लीना मॅडम होत्या. कागद वाचायला म्हणून रामहरीने मला सोबत नेलं. मॅडम म्हणाल्या, "तिला सांगायला लावू नका. ती आपणहून बोलेल तेव्हा नुसतं ऐका. आणि दर आठवड्याला आणा, मध्येच सोडू नका."

तिसऱ्या खेपेला ती मॅडमशी चार वाक्यं बोलली. परतताना एसटीत गाढ झोपली.

चौथ्या खेपेची वेळ आली तेव्हा रामहरी म्हणाला, "आबा, बोलाया लागली की आता. ऊसतोड आलीया, किती हेलपाटं घालायचं?"

ती बरी झालेली नाही, हे मला कळत होतं. पण दुसऱ्याच्या घरात मी कोण सांगणार? मी नेतो तिला, एवढंही तोंडातून निघालं नाही. त्याच आठवड्यात लांबचे पाहुणे आले, त्यांनी विचारलं आणि ती पुन्हा उभी राहिली.

संक्रांतीनंतर तिला नेवाशाला आत्याकडे ठेवलं. तिथेही ती शाळेत जात नाही, दिवसभर दाराआड बसते, असं कळतं. नगरला तिला कुणी नेत नाही. मीही गेलो नाही.

ती निघाली त्या सकाळी माफी मागावी म्हणून टेम्पोजवळ गेलो होतो.

"स्वेटर घेतलास का?"

"घेतला, आबा."

"बरं. नीट धरून बस."

"व्हय."