लाल नाडीची फाइल

दवाखान्याच्या तळमजल्यावर, धुलाईच्या खोलीला लागून, फाइलींची खोली होती आणि तिथे कुलूपकाका सव्वीस वर्षं ठाण मांडून बसले होते. हे नाव शिपायांनी ठेवलेलं. खिडकीशी येऊन कुणी "माझाच रिपोर्ट आहे हो, बघू द्या ना," म्हणालं, की काकांचं उत्तर ठरलेलं, "डॉक्टर सांगतील ते ऐकायचं. वाचून काय करणार?" समोरचा हुज्जत घालायला लागला की खिडकी बंद. यात त्यांना जराही वावगं वाटत नसे.

घरच्यांनी "पेशंटला कळू देऊ नका" म्हटलं, की डॉक्टर चिठ्ठीवर नुसता नंबर लिहून खाली पाठवत. काका त्या नंबरची फाइल लाल नाडीने बांधून ठेवत. दुहेरी गाठ मारून, नाव न वाचता. दुसऱ्याचं दुखणं आपण कशाला वाचायचं, असा त्यांचा बाणा होता.

आता पाच आठवडे काकांच्याच जिवाला चैन नव्हती. थकवा यायचा, पाय सुजायचे. तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "काळजीचं काही नाही," पण म्हणाले ते खिडकीबाहेर बघत. तेव्हापासून काका खुर्चीत बसले की उठायचे, उठले की पुन्हा बसायचे. विषय निघाला की बायको भांडी घासायला जाई, तीही घासलेलीच. महिन्या-दोन महिन्यांनी फोन करणारी परदेशातली मुलगी रोज करू लागली. बापाला यातलं काही उमगत नाही असं दोघींना वाटावं, म्हणजे कमालच.

शेवटी एका दुपारी त्यांनी खिशातल्या कार्डावरचा आपला नंबर पाहिला आणि कपाटाला शिडी लावली. फाइल सापडली. तिला लाल नाडी होती, आणि तशी गाठ अख्ख्या इमारतीत एकटे काकाच मारत.

ते शिडीवरून खाली उतरले. मग संताप आला. त्यांनी मुलीला फोन लावला.

"तूच सांगितलंस ना डॉक्टरांना?"

"बाबा, तुम्ही खचला असतात हो."

"तुझं ऑपरेशन झालं, तेव्हा तुझ्यापासून लपवलं का कुणी?"

ती घुटमळली. "इकडे रिपोर्ट आधी माझ्याच फोनवर येतो."

"मग मी काय माणूस नाही?"

फाइल घेऊन ते तडक वर गेले. डॉक्टरांना गाठ सुटेना. "द्या इकडे," म्हणत काकांनीच ती नखांनी सोडवली.

आता मात्र डॉक्टर सरळ बघून बोलले. मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त निकामी झाली होती, पण उरलेली जपता येण्यासारखी होती. "औषधं चालूच आहेत, वहिनींकडे दिलीत."

"ती ताकदीच्या म्हणून देते, त्या गोळ्या?"

"हो. आणखी काही घेता?"

"गुडघेदुखीची गोळी. रोज दोन. दुकानातून आणतो."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "म्हणजे तपासणीनंतरही पाच आठवडे? अहो, या आजारात ती विषासारखी!"

"मला कोण सांगणार होतं?" काका म्हणाले.

खाली आल्यावर काकांना बसवेना. ते पुन्हा शिडी चढले. कपाटात लाल नाड्यांच्या फाइली ओळीने लावल्या होत्या, सगळ्या त्यांच्याच हातच्या. त्यांनी पहिलीवरचं नाव वाचलं, मग दुसरीवरचं. ही माणसं घरी बसून कुठली गोळी खात असतील, या विचाराने त्यांनी पहिलीची गाठ सोडायला घेतली.