आमची सरपंच

सरपंच नेहमी सगळ्यांच्या मागे चालायची. आठ जणांच्या आमच्या ग्रुपमध्ये तिच्याइतकं भरभर चालणारं कुणी नव्हतं, तरीही पनवेलचा बाजार असो की कर्नाळ्याचा चढ, ही आपली शेवटी. कारण विचारलं तर म्हणायची, "मी पुढं गेले तं मागं कोन ऱ्हायला ते मना कसा कलनार?" आम्ही हसायचो. बुटाची नाडी बांधायला थांबलेल्याला मात्र बरं वाटायचं.

सरपंच हे नाव आम्ही ठेवलेलं. ती पनवेलजवळच्या कोन गावची, आगरी घरातली मुलगी. बी.एस्सी. झालेली, उंच, सावळी, हातात कायम कुठल्यातरी झाडाची फांदी. आमच्या पहिल्याच सभेत पंख्याखाली कुणी बसायचं यावरून दोघं भांडत होती. हिने उठून पंख्याखालची खुर्चीच उचलली आणि भिंतीला लावली. "आता कुनाचाच नको," म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. तेव्हापासून निवाडा तिच्याकडे.

या सभा खांदा कॉलनीत, एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या खोलीत व्हायच्या. पदवीनंतर एक वर्ष मोकळं ठेवून ग्रुपने परदेशी जायचं, तिथे काम करायचं, देश बघायचा, असा तो बेत होता. आमच्या घरी अशा वर्षाला 'ड्रॉप' म्हणत आणि तो शब्द उच्चारताना आवाज खाली आणत. दौरा नेणाऱ्या सरांनी त्याला 'गॅप इयर' म्हटलं आणि माझी आई ते शेजाऱ्यांना बोलावून बोलावून सांगू लागली. न्यूझीलंडमध्ये तीन महिने रोपवाटिकेत काम, डोंगरउतारावर तिथली झाडं लावायची, सुटीच्या दिवशी भटकंती आणि शेवटी एक प्रमाणपत्र. बाकीच्यांना फोटो हवे होते. मला प्रमाणपत्र हवं होतं, कारण पुढच्या वर्षी बाहेरच्या विद्यापीठात अर्ज करायचा होता. सरपंच ही एकटीच अशी, की जिला ते काम हवं होतं.

तिच्या वडिलांची बरीचशी जमीन गेली होती. रस्त्यात गेली, प्लॉटात गेली. उरले होते घरामागचे वीस गुंठे. त्यावर हिला नर्सरी काढायची होती. वडिलांकडे एक बिल्डर खेपा घालत होता आणि आत्या स्थळं आणत होती. शेवटी बापलेकीचा करार झाला. ती तो आम्हाला वडिलांच्या आवाजात म्हणून दाखवायची: "तीन म्हयनं शिकून ये. कागद आन. मंग जमीन तुजी. नायतर जमीन बिल्डरला न तू सासरला." आम्ही टाळ्या द्यायचो. ती पण हसायची, पण सरांनी दिलेली रोपांची पुस्तिका तिने एकटीने तीनदा वाचली होती. इंग्रजी अडलं की माझ्याकडे यायची.

तिची आणखी एक खोड सांगायला हवी. कुणाच्याही कुंपणावरची फांदी ती विचारल्याशिवाय तोडत नसे. घराला कुलूप असेल तर मालक येईपर्यंत पायरीवर बसून राही. एकदा खांदा कॉलनीत अशी पाऊण तास बसली होती, एका साध्या जास्वंदीसाठी. मी वैतागले. म्हटलं, "अगं, कोण बघतंय?" तर म्हणते, "इचारायला काय जातंय गो?" आणि विचारल्यावर खरं सांगायला तरी काय जातंय, हाही तिचाच सिद्धांत. सरांनी एकदा सगळ्यांना विचारलं, पुस्तिका वाचली का? सात माना डोलल्या. आमच्यातल्या कुणी चार पानंसुद्धा उघडलेली नव्हती. तिनं मात्र सांगितलं, "वाचली, पन सातवा धडा नाय समजला." सरांनी तो धडा तिला एकटीला शिकवला आणि आम्हाला शहाण्यांत धरलं.

इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून सरांनी मला ग्रुपची भाषाप्रमुख केलं होतं. या पदाचा मला किती अभिमान होता ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. विमान उतरायच्या आधी सगळ्यांना ती आगमनाची कार्डं वाटली, तेव्हा चौघांनी आपापले पासपोर्ट माझ्याकडे सरकवले. चौथी सरपंच. मी ऐटीत पेन काढलं. खाण्याचे पदार्थ, मासे, मांस, बिया, माती, असलं काही बरोबर आहे का, असा त्यात प्रश्न होता. मी तिला वाचून दाखवला.

"सुकट हाय गो," ती म्हणाली. "न थोरं बोंबील. आयनी डब्यान बांधून दिलंय. लिव."

मी म्हटलं, लिहिलं तर बॅग उघडायला लावतील. सगळ्यांसमोर तो वास, मग तुझ्यासाठी सगळा ग्रुप थांबणार. कशाला? 'नाही' टाकते.

"इचारतात तं सांगावा ना?"

"सगळे असंच करतात," मी म्हटलं. सगळे म्हणजे कोण, कुणास ठाऊक. मी तर पहिल्यांदाच विमानात बसले होते. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की मी दहा देश फिरून आलेय. मी 'नाही'वर खूण केली. तिने खाली सही केली, शाळेतल्यासारखी, पूर्ण नावाची.

विमानतळावर एक बुटका, लोंबत्या कानांचा कुत्रा आमच्या रांगेतून हुंगत गेला आणि तिच्या बॅगेजवळ शांतपणे बसला. आमच्यातलं कुणीतरी खिदळलं. मग बॅग उघडली गेली. तिच्या आईच्या लुगड्याच्या तुकड्यात तो डबा बांधलेला होता, वर दोन गाठी. झाकण निघालं आणि वास सुटला. आमच्यातली दोघं चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. याच दोघांनी कोनला तिच्या घरी सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी मागून मागून खाल्ली होती.

तिथल्या अधिकारी बाई अगदी सभ्य होत्या. भाषा कळणारं कुणी आहे का, म्हणाल्या. मला पुढे व्हावं लागलं. त्यांनी विचारलं, हे कार्ड हिने स्वतः भरलं का? मी तिला मराठीत सांगितलं. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "काय सांगू?"

त्या वेळी मला काय दिसलं ते सांगते. मला माझं प्रमाणपत्र दिसलं. मी म्हटलं, "हो म्हण. लवकर सुटशील."

ती म्हणाली, "येस."

अधिकारी बाईंनी मान हलवली आणि आणखी एक वाक्य बोलल्या: कार्डावर लिहिलं असतं तर आम्ही फक्त तपासलं असतं, फार तर डबा काढून घेतला असता, बाकी काहीच झालं नसतं. हे वाक्य मी तिला मराठीत सांगितलं नाही.

तिला दंड झाला. तो तिने तिथेच भरला आणि त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. खरा घोळ दुपारी झाला. ज्यांच्या रोपवाटिकेत आम्ही राबणार होतो, त्यांच्या नियमावलीत एक कलम होतं: तिथल्या कायद्याने दंड झालेला माणूस कामावर चालणार नाही. सरांनी आम्हाला हॉस्टेलच्या जेवणघरात बसवलं. ती बाहेर अंगणात वाकून कसल्याशा झुडपाची पानं बघत होती. काचेतून आम्हाला ती दिसत होती. सर म्हणाले, "मी त्यांच्याशी भांडून बघू शकतो. पण मग सगळ्या ग्रुपचीच चौकशी होईल. तुम्हीच सांगा." मग एकाने म्हटलं, चूक तिची आहे, आपण का भोगायचं? हळूहळू माना हलल्या. मी हलवली नाही, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला समजावत होते. पण तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं संपलं असतं, आणि ते वाक्य फक्त माझ्याजवळ होतं.

सर बाहेर जाऊन तिच्याशी बोलले. ती आत आली तोवर ग्रुपच्या चॅटमधून तिचा नंबर काढलेला होता. तिनं फोनकडे बघितलं, मग आमच्याकडे. "अरे, मना भायेर काढला?" एवढंच म्हणाली. कुणाला शिव्या घातल्या नाहीत. घातल्या असत्या तर आम्हाला सोपं गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी ती परत निघाली. निघताना मला बाजूला घेतलं. वाटलं, आता बोलते. तर म्हणाली, "ते लोक बियांना पानी सकाली देतात का सांजच्याला, तेवढा इचारून ये." मी हो म्हटलं. तीन महिने मी रोज त्या बियांना पाणी घालताना बघितलं आणि एकदाही विचारलं नाही. सहली मात्र झकास झाल्या. फोटोंत आम्ही सात जण खांद्यावर हात टाकून उभे आहोत.

परत आल्यावर आठवड्यातच तिच्या हळदीचं आमंत्रण आलं. आम्हा सातांनाही. गेलो दोघंच. कोनला तिच्या दारात मांडव पडला होता, बायका लग्नाची गाणी, धवले, गात होत्या, आणि घरामागच्या वीस गुंठ्यांवर पत्रे ठोकून बिल्डरचा फलक लागला होता. तिच्या वडिलांनी मला हाताला धरून बसवलं. म्हणाले, "तुमी पोरी धीराच्या. आमच्या पोरीला चार दिस करमला नाय तिकडं. रडत आली. नर्सरी कराला निघाली व्हती!" आणि ते हसले. तिने घरी हेच सांगितलं होतं: मना करमला नाय. दंडाचं नाही, डब्याचं नाही. डब्याचं कळलं असतं तर आईने जन्मभर स्वतःला बोल लावला असता.

हळद लागायला अवकाश होता. ती आतल्या खोलीत एकटी सापडली. मी दार लोटलं आणि जे इतके दिवस घोकत होते ते भडाभडा बोलून टाकलं: 'नाही'ची खूण माझी, 'हो म्हण' माझं, त्या बाईंचं शेवटचं वाक्य मी गाळलेलं. आत्ता बाहेर जाऊन तुझ्या बाबांना सगळं सांगते, म्हटलं. मला रडू येत होतं आणि तिनेच मला पाणी दिलं.

मग म्हणाली, "तवा सांगाचा व्हता, बाय. तिथं तुनाच बोलता येत व्हता."

एवढ्यात तिला न्यायला बायका आल्या. मी जेवून जावं असा तिच्या आईने आग्रह केला आणि मी जेवले. तिची माझी ती शेवटची भेट.

त्या हिवाळ्यात मी अर्ज भरला. प्रमाणपत्र जोडलं. अर्जात एक निबंध लिहायचा होता: प्रवासात तुमच्या सचोटीची परीक्षा पाहणारा एखादा प्रसंग. मी विमानतळ लिहिला. कुत्रा लिहिला, लुगड्याच्या तुकड्यातला डबा लिहिला, आईने बांधलेल्या दोन गाठीसुद्धा लिहिल्या. आणि लिहिलं, की अधिकारी बाईंनी विचारताच मी पुढे झाले आणि म्हटलं, हिची चूक नाही, कार्ड मी भरलंय. मुलाखतीत त्यांना नेमका तोच प्रसंग आवडला होता. तुमच्या तोंडून ऐकायचा आहे, म्हणाले. मी सांगितला. कुठेही अडखळले नाही. मला प्रवेश मिळाला.