तिच्या पत्रातला बर्फ

माझं शिक्षण मराठी चौथी. पाचवीत नाव घातलं होतं, पण कौलं भरलेल्या मचव्यावर चढलो तो पुढची चाळीसेक वर्षं पाण्यावरच राहिलो. आधी शिडाचा मचवा, मग परदेशी मालवाहू जहाजं. खलाशी म्हणून लागलो आणि सुकाणी म्हणून उतरलो. सुकाणी म्हणजे जहाजाचं चाक हातात धरणारा. कोर्स, म्हणजे जायची दिशा, अधिकारी सांगतो, पण धरून ठेवतो सुकाणी. हे आधीच सांगून टाकतो, कारण परदेशातल्या या स्लायगो गावच्या लायब्ररीत पहिले तीन बुधवार मला हे कोणी विचारलंच नाही.

मुलगी इथल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर. बायको गेल्यावर तिने मला इकडे आणलं. दिवसभर खिडकीशी बसून मी हवेला शिव्या घालतो म्हणून तिने मला लायब्ररीतल्या एका मंडळात नेऊन बसवलं. सात-आठ म्हातारी माणसं बुधवारी सकाळी जमत, आणि इथून ऑस्ट्रेलियाला पोट भरायला निघून वाटेत बुडालेल्या लोकांचा माग काढत. बुधवारी मुलीला सुट्टी असायची, ती दुभाषी म्हणून शेजारी बसे. माझं इंग्रजी जहाजावरचं. त्यात हुकूम आहेत, 'प्लीज' नाही.

त्या वर्षी त्यांनी एकच जहाज धरलं होतं. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी लिव्हरपूलहून सुटलेलं. त्यात या भागातली बरीच गरीब माणसं होती. ऑस्ट्रेलिया दिसायच्या बेतात असताना ते एका बेटाच्या खडकावर फुटलं. मोजके वाचले, त्यात एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. आजारी कॅप्टनीणबाईची सेवा करायला तिला मागच्या केबिनमध्ये ठेवलं होतं, म्हणून ती वाचली. तिची धाकटी बहीण खालच्या मजल्यावर बाकीच्यांबरोबर होती, ती गेली. या मुलीने तिकडून घरी लिहिलेलं पत्र मंडळातल्या एका बाईंकडे होतं. पत्र लिहिणारी त्यांच्या पणजीची बहीण. बाई माझ्याच वयाच्या, हातात सदा विणकाम.

मंडळाचे प्रमुख इतिहासाचे निवृत्त मास्तर. उंच, सज्जन माणूस. न पटलेल्या गोष्टीला ते 'ग्रँड' म्हणत, आणि त्यांनी 'ग्रँड' म्हटलं की विषय मिटला.

लायब्ररीच्या भिंतीवर मोठा फलक लागायचा होता. वर नकाशा, त्यावर जहाजाची वाट, खाली पत्रातली वाक्यं. चौथ्या बुधवारी मास्तरांनी त्याचा नमुना टेबलावर पसरला. बाईंनी विणकाम बाजूला ठेवून तो वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. पत्रातली दोन वाक्यं गाळली होती. एक, की डेकवर बर्फ पडला आणि पोरांनी तो मुठी भरभरून खाल्ला. दुसरं, की जहाज खडकावर चढलं तेव्हा खाली उतरायच्या दारावरचं लाकडी झाकण वरून ठोकून बंद होतं, मी नखांनी ओढलं, कोणी उघडलं नाही.

मास्तरांनी शांतपणे समजावलं. वाचलेल्या एका अधिकाऱ्याने चौकशीत शपथेवर सांगितलंय की झाकण उघडं होतं. पोरगी दुःखाने वेडीपिशी झाली होती, तिने रचून लिहिलं. आणि ती रचते हे कशावरून, तर बर्फावरून. त्यांनी नकाशावरच्या रेघेवरून बोट फिरवलं. आफ्रिकेच्या कडेकडेने खाली, केपटाऊन, तिथून सरळ पूर्वेला. "या वाटेवर बर्फ कुठला?"

बाई म्हणाल्या, "आमच्या घरात कोणी थाप मारली की अजून विचारतात, तुझ्या डेकवर बर्फ पडतोय का. चार पिढ्या तिला खोटारडी म्हणतायत. मला वाटलं होतं, तुम्ही तरी तिचं ऐकाल."

मी मुलीला म्हणालो, "सांग त्यांना, ती खरं लिहितेय. यांची रेघ खोटी आहे."

"बाबा, ते इतिहासाचे मास्तर होते."

"समुद्राचे होते का?"

"हळू बोला. आपण पाहुणे आहोत इथे."

"मी असेन पाहुणा. तू यांच्या लोकांची पोटं फाडून शिवतेस, तू कसली पाहुणी? सांग."

तिने नाही सांगितलं. मग मीच टेबलावर बोट आपटून म्हणालो, "राँग कोर्स."

मास्तर हसले. "ग्रँड," म्हणाले, आणि चहाची किटली चढवायला उठले.

मला त्यांचं ग्रँड नको होतं. कपाटावर पृथ्वीचा गोल होता, तो कोणाला न विचारता खाली काढला. बाईंकडे बोटाने लोकर मागितली. त्यांनी न विचारता हातभर तोडून दिली. एक टोक आफ्रिकेच्या खालच्या टोकाशी अंगठ्याने दाबलं, दुसरं त्या बेटावर, आणि ताणलं. लोकर आपोआप खाली सरकली, पार दक्षिण ध्रुवाच्या बर्फाच्या बाजूला.

"सपाट कागदावर हा वळसा दिसतो," मी म्हणालो, "पण पृथ्वीवर हीच सरळ वाट. आणि वारा तिथेच, मागून ढकलणारा. शिडाचं जहाज वाऱ्याकडे जातं. तुमच्या कडेकडेच्या वाटेने गेलं असतं तर तोंडावर वारा घेऊन अजून आफ्रिकेपाशीच असतं."

कोणीतरी इंग्रजीत बोलत होतं. पाहिलं तर मुलगी. मी न सांगता भाषांतर करत होती.

मग सगळंच सांगितलं. डरबनहून मेलबर्नला जाताना मी चाकावर होतो. दर पाळीला अधिकारी कोर्सचा आधीपेक्षा लहान आकडा सांगायचा. नवा होतो, मला वाटलं, साहेब प्यालेला आहे. एकच मुक्काम आणि कोर्स रोज वेगळा? साहेबाने मला असाच दोरा ताणून दाखवला. आमच्या कॅप्टनने बर्फाला भिऊन अर्ध्यातच खाली जाणं थांबवलं, तरी पांढरा चिखल फावड्याने काढला आम्ही डेकवरून. ज्यांना वारा हवा होता ती शिडाची जहाजं तर आणखी खाली, दक्षिणेला जायची.

मास्तर किटली विसरून आले. त्यांनी स्वतः लोकर धरली आणि गोलावरच आपल्या नकाशातल्या रेघेप्रमाणे वर चढवायला गेले. तेवढीच लोकर बेटापर्यंत पोहोचेना, त्यांची वाट लांबची पडत होती. दोनदा करून पाहिलं.

"बर्फ घेऊ," ते म्हणाले. "रेघही बदलू. पण झाकण नाही. तिथे शपथेवरचा कागद आहे."

"शपथ कोणी घेतली?"

"अधिकाऱ्याने."

"आणि झाकण ठोका, झाकण काढा, हे हुकूम कोणाचे असतात? त्याचेच. तसल्या समुद्रात झाकण बंदच ठेवतात, नाहीतर जहाज भरतं. पाचरी मी स्वतः ठोकल्यात. आमच्या खाली पोती होती, त्यांच्या खाली माणसं. बंद होतं हा गुन्हा नाही. खडक लागल्यावर कोणी काढलं नाही, ते त्याला लपवायचं होतं. तिला काय लपवायचं होतं?"

मास्तरांनी पेन्सिल उचलली. मग म्हणाले, "कुटुंबाच्या म्हणण्यानुसार, असं वर लिहून घेता येईल."

"बर्फावर तसं लिहिणार?"

"नाही. तो पटला."

"लिहिणारी एकच बाई आहे. अर्धं पत्र खरं आणि अर्धं ऐकीव, असं चाक मी धरत नाही."

मुलीने हे भाषांतर करताना एक शब्द सौम्य केला नाही. मला तेवढं इंग्रजी कळतं.

बाईंनी टेबलावरचं मूळ पत्र उचललं आणि विणकामाच्या पिशवीत ठेवलं. "दोन्ही वाक्यं," त्या म्हणाल्या, "नाहीतर पत्रच नाही." आणि उभ्या राहिल्या. मीही उभा राहिलो. गुडघा दुखत होता, तरी राहिलो.

मास्तरांनी नमुन्याची गुंडाळी केली. ग्रँड म्हणाले नाहीत. म्हणाले, "दोन्ही."

फलक लागून आता काही महिने झाले. शेजारी अधिकाऱ्याची शपथही लावली आहे. मास्तरांचा तो हट्ट, आणि मला तो मान्य आहे. दोघं समोरासमोर असू देत. एक-दोन शिकलेले लोक येऊन सांगून गेले की झाकणाचं काही सिद्ध होत नाही. असेल. बुधवारी सकाळी मी फलकाखालीच खुर्ची टाकून बसतो. ज्याला ते वाक्य काढायचं असेल त्याने आधी माझ्याशी बोलावं. इंग्रजीत बोलला तरी चालेल.