कासाबाईचा तळहात

"साबन कसा असते म्हून मलाच काय इचारायलीस? घाल की हात त्या बकेटीत. बोटं बुळबुळीत झाले, कातडं सोललं, की लिही तुझ्या वहीत."

कासाबाईनं ढवळता ढवळताच लेकीला हे सुनावलं. दीपिका दहावीला. ओसरीवर बसून ती रसायनाचे प्रश्न सोडवायलती. आम्ल कसं तयार करतात, हे तिला पाठ होतं. गंधक जाळायचं, त्याचा धूर पाण्यात मुरवायचा. पुढचा प्रश्न साबणाचा होता.

"बुळबुळीत म्हंजे आम्लारी, माय," ती म्हणाली.

"असंल. पोट भरायलंय त्याच्यावर."

झरीच्या अलीकडचं हे गाव. कासाबाईचा नवरा सेलूला एका साबणाच्या कारखान्यात हमाली करायचा. तिथं पाहून पाहून तो घरीच धुण्याचा साबण घालायला लागला. मग काविळीनं गेला. तेव्हापासून तेल गिरणीतला गाळ आणायचा, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घोटायचा, वड्या पाडून बाजारात न्यायच्या, सगळं बाईवर. हातमोजे कवाच फाटले. तळहाताच्या भेगांत कॉस्टिक असं बसलेलं की भाकरी थापतानाही चुरचुरायचं. घर मात्र नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या, मुंजाजीच्या आवारात, अन् पाणीही त्याच्याच बोअरचं. पाण्याबिगर साबण व्हत नाही.

त्या साली मुंजाजीच्या मेंढ्या गाभडायला लागल्या. एक झाली, दुसरी झाली, मग वाड्यात रोजच मेलेलं कोकरू. ढोराच्या डॉक्टरनं रक्त नेलं, त्याचा निकाल काही आला नाही. शेवटी मुंजाजीनं पालमकडून एक देवरशी आणला. त्यानं घटकाभर डोळे मिटले आणि सांगितलं, करणी बाहेरची नाही, आवारातल्याच बाईची हाय.

आवारातल्या अन् आळीतल्या बायांना ओळीनं बसवलं. देवरशी प्रत्येकीच्या तळहातावर ओली हळद चोळत पुढं सरकायला लागला. मुंजाजीची बायको बायनाबाई, तिचा हात पिवळा. शेजारची सगुणाबाई, पिवळा. कासाबाईला घोटणं सोडून बोलावून आणलेलं. हात लुगड्याला पुसून तिनं पुढं केला, अन् हळद लावल्या लावल्या कुंकवासारखी लाल झाली.

बाया नुसत्या मागं सरकल्या.

कासाबाईला भीती वाटली नाही, आधी हसूच आलं. वरणाचा डाग साबणानं घासला की लुगड्यावर हाच रंग उठतो, तिनं शंभरदा पाहिलेला. समोर बसलेल्या एकूणएक बाईनं पाहिलेला. आता कुणीतरी बोलंल म्हणून ती एकेकीच्या तोंडाकडं पाहत राहिली. एकीनंही मान वर केली नाही. तेव्हा तिचं हसू गेलं.

बोलली ती दीपिका. हळद साबणानं लाल होते, शाळेत शिकवलंय, आंबट लावलं की पुन्हा पिवळी होते, म्हणाली. घरात पळाली, लिंबू कापून आणलं आणि सगळ्यांदेखत आईच्या हातावर पिळलं. लाल रंग गेला, तळहात पिवळाधमक झाला. भेगांत लिंबू झोंबून कासाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. दीपिका सगळ्यांकडं पाहायला लागली, जशी फळ्यावर गणित सोडवून वळावं तशी.

देवरशी शांत माणूस. त्यानं मुंजाजीला एवढंच म्हटलं, "लिंबू कुनी आनलं? ज्याला बांधता येते, त्यालाच सोडता येते."

झालं. एकटी आई होती, आता लेकीचंही नाव लागलं.

मुंजाजीनं शिवी दिली नाही की हात उचलला नाही. बोअरचा पाइप तेवढा त्यानं काढून घेतला, आणि दिवाळीपर्यंत दुसरं घर पाहा म्हणाला. गावात वडी कुणी घेईना. शाळेतल्या सरांनी दीपिकाला शाबासकी दिली. चार शब्द गावात येऊन सांगा म्हटल्यावर मात्र, परीक्षा होऊ दे, म्हणाले. पोलिसात जा असंही कुणी सुचवलं. कासाबाईनं ऐकून घेतलं. मेली तर खांदा ह्याच आळीनं द्यायचा.

आता पाणी नाल्याकडच्या हापशावरून. एका सकाळी तिथं बायनाबाई एकटीच भेटली. इकडं तिकडं पाहून ती हळूच म्हणाली, "कासा, माह्या लुगड्यावरबी लाल व्हते गं हळद. मला ठाव हाय."

"मंग तवा का गप बसल्या, बाई?"

"बोलले असते, तर तेनं पुन्हा माहा हात पाहिला असता."

कासाबाईनं हापसा मारायचा थांबवला नाही. घागर भरली तशी चुंबळ डोक्यावर ठेवली. बायनाबाईनं हात लावायला पुढं केला, अन् मधीच मागं घेतला. कासाबाईनं घागर एकटीनंच उचलली.

घरी आल्यावर तिनं पाणी बकेटीत ओतलं, कॉस्टिकची पुडी फोडली आणि थोडं थोडं सोडायला लागली. वाफ उठली तशी तिनं दीपिकाला मागं सरक म्हटलं, पदर नाकाला लावला आणि काठी घेऊन ढवळायला बसली. बुधवारी सेलूचा बाजार. तिथं तिला कुणी ओळखत नाही.